लेथ : जुन्या छंदोपयोगी यंत्राचे पुनरुज्जीवन

लेथ : जुन्या छंदोपयोगी यंत्राचे पुनरुज्जीवन. धातूचा दंड स्वतःभोवती फिरवून त्याला हत्याराने कातून आकार देणाऱ्या यंत्रास लेथ म्हणतात. कारखान्यातील मोठ्या लेथखेरीज घराच्या लहानशा कार्यशाळेत मेजावर बसविता येतील असे छोटे लेथही विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर तयार झाले. प्रतिकृती एंजिने, घड्याळे, शास्त्रीय उपकरणे व दुरुस्तीचे सुटे भाग बनविणाऱ्या हौशी कारागिरांसाठी ते होते. यांतील अनेक लेथ पन्नास ते ऐंशी वर्षांचे झाले असूनही वापरता येण्याजोगे आहेत. असे यंत्र उकलून, स्वच्छ करून, झिजेचे मापन करून व पुन्हा जुळवून त्याची अचूकता शक्य तितकी परत मिळविण्याच्या कामास पुनरुज्जीवन म्हणता येईल. नुसती रंगरंगोटी म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. चकचकीत दिसणारा लेथ तिरपे कातू शकतो आणि रंग उडालेला लेथ अचूक काम देऊ शकतो. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हा भेद न ओळखण्यात असते.

इतिहास : इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्‌स्ली यांनी १८०० च्या सुमारास लीड स्क्रू, सरकते हत्यारधारक व बदलते गिअर यांचा मेळ घालून आटे पाडणारा लेथ तयार केला. आजच्या लहानमोठ्या सर्व लेथांची मूळ मांडणी तीच आहे. हौसेखातर लेथ चालविण्याची प्रथा त्याहून जुनी असून लंडनमधील होल्ट्‌झॅफेल या व्यवसायगृहाचे शोभिवंत कातकामाचे लेथ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून धनिकांत प्रसिद्ध होते. सामान्य उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असा लेथ मात्र विसाव्या शतकातच मिळू लागला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या मॉडेल एंजिनियर या नियतकालिकामुळे असा वाचकवर्ग एकत्र आला व त्याच्यासाठी गिल्डफर्डच्या ड्रमंड बंधूंसारखे कारखानदार छोटे लेथ बनवू लागले.

नॉटिंगहॅमजवळील बीस्टन येथे १९३४ मध्ये सुरू झालेल्या मायफर्ड या कारखान्याने १९४६ मध्ये एमएल ७ हा लेथ जाहीर केला. त्याची केंद्र उंची ३ १/२ इंच (८९ मिमी.) व दोन केंद्रांमधील अंतर २० इंच (५०८ मिमी.) होते. ब्रिटनमधील हौशी कारागिरांत तो इतका रूढ झाला, की पुढे कित्येक दशके प्रतिकृती बांधणीविषयीचे लेखन हाच लेथ गृहीत धरून होत असे. मूळ कारखाना २०११ मध्ये बंद झाला, परंतु नाममुद्रा दुसऱ्या व्यवसायाकडे गेल्याने काही सुटे भाग त्यानंतरही मिळत राहिले. अमेरिकेत इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे जॉन व माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ मध्ये स्थापिलेल्या कारखान्याचा ९ इंची लेथ आणि मिशिगनमधील कॅलमॅझू येथील ॲटलस कंपनीचा लेथ यांना असेच स्थान मिळाले. भारतात हौशी लेथची अशी स्वतंत्र परंपरा झाली नाही. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर या कंपनीचे (स्थापना १९४१) व इतर लेथ मुख्यत्वे कारखाने, तंत्रशाळा व लहान कार्यशाळांसाठी होते. तथापि हातबदल झालेला जुना लेथ घेऊन तो कामाला लावण्याचा प्रघात येथेही आहे व पुढे दिलेला क्रम अशा लेथलाही लागू पडतो. विवेचनाच्या सोयीसाठी येथे एमएल ७ हे मुख्य उदाहरण घेतले आहे.

रचना : लेथचा पाया म्हणजे बिडाचा ओतीव बेड होय. त्याच्या डाव्या टोकाला हेडस्टॉक असून त्यातील बेअरिंगांत म्हणजे धारव्यांत स्पिंडल फिरतो. स्पिंडलच्या नाकावरील आट्यांवर चक बसवितात व चकात काम धरतात. उजवीकडील टेलस्टॉक लांब कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देतो. या दोहोंमध्ये बेडवरून कॅरेज सरकते. तिच्यावर आडवी सरकणारी क्रॉस स्लाइड व तिच्यावर हत्यार धरणारे टूल पोस्ट असते. बेडच्या पुढील बाजूने जाणारा लीड स्क्रू अर्ध्या नटांच्या जोडीमार्फत कॅरेज ओढतो. एमएल ७ च्या लीड स्क्रूवर दर इंचास ८ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात कॅरेज ३.१७५ मिमी. सरकते. पट्टा व बॅक गिअर यांच्या साहाय्याने या लेथला मिनिटाला ३५ ते ६४० फेऱ्यांपर्यंत सहा वेग मिळतात.

लेथची अचूकता तीन संबंधांवर अवलंबून असते : स्पिंडल न डगमगता फिरला पाहिजे, कॅरेजचा मार्ग सरळ असला पाहिजे आणि तो मार्ग स्पिंडलच्या अक्षाला समांतर असला पाहिजे. पुनरुज्जीवनाचे सर्व काम या तिहींच्या रक्षणासाठी वा पुनःस्थापनेसाठी असते. हे संबंध जेथे घडतात ते पृष्ठभाग, म्हणजे बेडचे मार्ग, स्लाइडांच्या कबुतरशेपटी खाचा, स्पिंडल व त्याचे बेअरिंग, कारखान्यात घासून किंवा खरवडून तयार केलेले असतात. त्यांवरून काढून टाकलेला धातू परत घालता येत नाही. उलट रंग, पट्टे, मोटर, बोल्ट यांत झालेली चूक केव्हाही सुधारता येते. म्हणून कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ते परत फिरविता येण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न विचारणे नवशिक्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठरते.

निवड व प्राथमिक तपासणी : गंज पाहून लेथ टाकून देऊ नये व चकाकी पाहून घेऊ नये. पृष्ठभागावरील तांबूस गंज बहुधा वरवरचा असतो. झीज मात्र डोळ्यांना सहसा दिसत नाही. लहान कामे चकाजवळ होत असल्याने बेडची सर्वाधिक झीज हेडस्टॉकनजीकच्या भागात होते, तर टेलस्टॉककडील टोक जवळजवळ मूळ स्थितीत राहते. याची स्थूल परीक्षा अशी : कॅरेजच्या गिब, म्हणजे सैलपणा काढणाऱ्या पट्ट्या, चकाजवळ हलकेच आवळाव्यात व कॅरेज उजवीकडे सरकवावी. ती वाटेत अडकू लागली, तर झीज लक्षणीय आहे असे समजावे. बॅक गिअरचे दाते मोडलेले आहेत का, बदलीचे गिअर पुरे आहेत का, बिडाच्या भागांना तडे वा वेल्डिंगच्या खुणा आहेत का, हेही पाहावे. ॲटलस लेथचे अनेक गिअर जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने त्यांचे दाते विशेष काळजीपूर्वक तपासावे लागतात. गहाळ झालेले सुटे भाग एकेक करून विकत घेतल्यास त्यांची किंमत पुष्कळदा मूळ यंत्राहून अधिक होते, हे व्यवहार करतानाच ध्यानात घ्यावे.

उकलणे : उकलण्यापूर्वी यंत्राची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, गिअरांची मांडणी रेखाटून ठेवावी आणि शक्य असल्यास यंत्र चालवून त्याचे दोष नोंदवावेत. पूर्वीचा दोष माहीत नसेल, तर नंतर आढळलेला दोष जुना की आपण निर्माण केलेला हे कळत नाही. मोटर व पट्टे, टेलस्टॉक, टूल पोस्ट, क्रॉस स्लाइड, लीड स्क्रू, कॅरेज व शेवटी हेडस्टॉक असा क्रम सोयीचा असतो. प्रत्येक उपांगाचे स्क्रू व वॉशर वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवतात. बेअरिंगच्या टोप्यांखालील शिम, म्हणजे जाडी जुळविणाऱ्या पातळ पट्ट्या, कोणत्या बाजूच्या आहेत ते न चुकता लिहून ठेवावे लागते.

जुन्या ब्रिटिश यंत्रांवर व्हिटवर्थ, ब्रिटिश फाइन व बीए या प्रणालींचे आटे असतात. त्यांत मेट्रिक बोल्ट जोराने बसविल्यास बिडातील आटे कायमचे बिघडतात. निमुळत्या पिनांची बारीक बाजू आधी ओळखून त्या बाजूनेच ठोकावे. उलट बाजूने ठोकल्यास पिन अधिकच घट्ट होते. न निघणाऱ्या जोडात झिरपणारे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. ठोकायचेच असल्यास मध्ये पितळी वा तांब्याचा तुकडा धरावा. बीड ठिसूळ असते. ते वाकत नाही, एकदम तडकते.

सर्वांत जास्त हानी होते ती घट्ट बसलेला चक काढताना. स्पिंडल जखडण्यासाठी बॅक गिअर व सरळ जोडणी दोन्ही एकदम गुंतवून चकावर घाव घालण्याची सवय पुष्कळांना असते व मोडक्या दात्यांचे ते एक प्रमुख कारण आहे. त्याऐवजी चकात मजबूत दंड धरून, स्पिंडल पट्ट्याच्या साहाय्याने रोखून धरून, चकाचा वरचा भाग कारागिराकडे येईल अशा दिशेने हिसका द्यावा. याच आट्यांमुळे असा लेथ उलट फिरवून जोराचे काम करणे धोक्याचे असते, कारण चक फिरता फिरता सुटून येऊ शकतो.

स्वच्छता : जुने घट्ट झालेले तेल व धातूचा कीस केरोसीन व ताठ ब्रशाने काढतात. पेट्रोल वापरू नये. दाहक सोड्याचा विद्राव रंग व चिकटा उत्तम काढतो, परंतु ॲल्युमिनियम व जस्त यांचे भाग त्यात विरघळतात. म्हणून प्रत्येक भाग कोणत्या धातूचा आहे याची खात्री करून घ्यावी. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला ठेवून खरवडावा व कचरा गोळा करावा.

गंज काढण्यासाठी विद्युत् विच्छेदनाची रीत सुरक्षित व स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या टाकीत पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवून गंजलेला भाग एकदिश विद्युत् पुरवठ्याच्या ऋण टोकाला व भंगार लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडतात. ६ ते १२ व्होल्ट पुरेसे होतात. यात गंज सैल होऊन सुटतो, पण खालचे लोखंड खाल्ले जात नाही. धन टोकाला स्टेनलेस पोलाद वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमाची विषारी संयुगे द्रवात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून टाकी उघड्यावर ठेवावी व जवळ ज्योत आणू नये. स्प्रिंगा व कठिणीकरण केलेले पोलादी भाग अशा टाकीत घालू नयेत. हायड्रोजन शोषला जाऊन ते ठिसूळ होण्याचा धोका असतो.

बेडच्या मार्गांवर वाळूकागद किंवा एमरी चालविण्याचा मोह टाळावा. हाताने घासल्याने पृष्ठभाग सारखा राहत नाही. शिवाय अपघर्षक कण बिडाच्या सच्छिद्र पृष्ठात रुतून बसतात आणि पुढे कॅरेजच्या प्रत्येक फेरीबरोबर दोन्ही पृष्ठे झिजवीत राहतात. तेल लावून तांब्या-पितळेच्या खरवडणीने गंज उचलणे व उरलेला काळा डाग तसाच राहू देणे योग्य होय. डागाने अचूकतेला बाध येत नाही.

झिजेचे मापन : ब्रिटिश कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात. तो ०.०२५४ मिमी. भरतो. झिजेचा विचार याच प्रमाणात करावा लागतो. एमएल ७ चा बेड सपाट मार्गांचा असल्याने त्याच्या कडेची जाडी मायक्रोमीटरने ठिकठिकाणी मोजता येते. टेलस्टॉककडील न झिजलेल्या भागाशी तुलना केली, की झीज किती व कोठे ते कळते. साउथ बेंडसारख्या लेथचे मार्ग उलट्या व्ही आकाराचे असल्याने त्यांची तपासणी सरळ पट्टी, फीलर गेज वा डायल इंडिकेटरने करतात.

कोणती झीज कामावर कितपत परिणाम करते, हे समजून घेणे आवश्यक आहे. समजा, २५ मिमी. व्यासाचा दंड कातताना हत्यार केवळ ०.०५ मिमी. खाली गेले. त्यामुळे त्रिज्येत पडणारा फरक भूमितीनुसार सु. ०.०००१ मिमी. म्हणजे नगण्य असतो. पण तेच हत्यार ०.०५ मिमी. मागे सरले, तर व्यास ०.१ मिमी.ने वाढतो. यावरून उभी झीज निरुपद्रवी असे वाटेल. प्रत्यक्षात मात्र पुढील मार्ग मागील मार्गापेक्षा जास्त झिजतो व कॅरेज कारागिराकडे कलते. दोन मार्गांतील अंतर १०० मिमी., हत्याराची बेडपासून उंची ८९ मिमी. व पुढील मार्गाची जादा झीज ०.०५ मिमी. धरल्यास कलण्यामुळे हत्यार सु. ०.०४५ मिमी. मागे येते व व्यासात सु. ०.०९ मिमी. फरक पडतो. सारांश, झीज किती आहे यापेक्षा ती असमान किती आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

एमएल ७ च्या सुरुवातीच्या लेथांत कॅरेजला आडवे मार्गदर्शन बेडच्या पुढील पट्टीच्या दोन उभ्या बाजूंकडून मिळे. या बाजू झिजल्यावर, बेडची मागील न वापरलेली उभी बाजू उपयोगात आणण्यासाठी कॅरेजला आतून एक पट्टी बसविण्याची सुधारणा हौशी कारागिरांत रूढ झाली. बेडला हात न लावता अचूकता परत मिळविण्याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

झीज फार असल्यास बेड यंत्रावर पुन्हा घासून घेणे किंवा हाताने खरवडणे हे उपाय उरतात. सपाट पृष्ठे एकमेकांशी पडताळून खरवडण्याचा पुरस्कार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये केला. प्रमाण पट्टीवर निळा लेप लावून, उंच ठिपके शोधून, ते खरवडणीने उतरविण्याचे हे तंत्र आजही वापरले जाते. ते शिकता येते, पण पहिल्याच लेथच्या बेडवर शिकू नये. प्रथम लहान बिडाच्या तुकड्यावर हात बसवावा. मोठे काम घासकाम करणाऱ्या जाणकार कारखान्याकडे द्यावे.

स्पिंडल व बेअरिंग : चकात धरलेला दंड डगमगताना दिसला, की स्पिंडल बिघडला असा निष्कर्ष नवशिके काढतात. येथे स्पिंडलपासून बाहेरच्या दिशेने क्रमाने तपासणे इष्ट होय. प्रथम चक काढून स्पिंडलच्या आतील निमुळत्या भोकावर डायल इंडिकेटर लावून स्पिंडल हाताने फिरवितात. काटा प्रत्येक फेऱ्यात तितकाच हलत असल्यास ते वाकडेपण होय. काटा स्थिर असेल, तर दोष चकाचा किंवा त्याच्या बैठकीचा असतो. तीन जॉच्या जुन्या चकात थोडे वाकडेपण असणे स्वाभाविक आहे व त्याचा स्पिंडलशी संबंध नाही. सैलपणा निराळा : भोकात दंड घालून तो हलकेच वर उचलल्यावर काटा हलला, तर तो बेअरिंगचा सैलपणा होय.

एमएल ७ मध्ये स्पिंडल श्वेत धातूच्या, दोन अर्ध्या भागांच्या बेअरिंगांत फिरतो. वरच्या टोपीखालील शिम पातळ पातळ थरांची असून एकेक थर सोलून सैलपणा कमी करता येतो. दोन्ही बाजूंचे थर सारखेच काढावेत. टोपी आवळल्यावर स्पिंडल हाताने मोकळा फिरला पाहिजे. नंतर अर्धा तास चालवून बेअरिंगला हात लावून पाहतात. ते कोमट लागणे योग्य, चटका बसणे म्हणजे फार घट्ट झाले असे समजावे. साउथ बेंडच्या ९ इंची लेथमध्ये पोलादी स्पिंडल सरळ बिडाच्या बेअरिंगांत फिरतो व नमद्याच्या वातींद्वारे त्यास तेल मिळते. या वाती जुन्या झाल्यावर कडक होतात, म्हणून त्या बदलणे हे त्या लेथच्या पुनरुज्जीवनातील अगदी पहिले काम असते.

वंगण : झिजेचे खरे कारण बहुधा वय नसून वंगणाचा अभाव असतो. एमएल ७ वरील वंगणाची तोंडे ग्रीस भरण्याच्या तोंडांसारखी दिसतात, पण ती तेलासाठी असतात. अजाणता त्यांत भरलेले ग्रीस तेलाच्या वाटा बुजविते व भाग कोरडे चालू लागतात. असा लेथ मिळाल्यास सर्व वाटा केरोसीनने धुऊन, बारीक तारेने मोकळ्या करून घ्याव्या लागतात. स्पिंडलसाठी आयएसओ ३२ दर्जाचे पातळ तेल व सरकत्या मार्गांसाठी ६८ दर्जाचे किंचित दाट तेल वापरतात. मोटारगाडीच्या एंजिनाचे तेल टाळावे. त्यातील द्रव्ये कीस व घाण तरंगत ठेवतात, आणि गाळणी नसलेल्या लेथमध्ये ते हितावह नाही. [⟶ वंगण व वंगणक्रिया].

स्लाइड व स्क्रू : क्रॉस स्लाइडचे चाक उलट फिरविताना काही अंतर रिकामे जाते, त्यास बॅकलॅश म्हणतात. तो पाहून नवशिके घाबरतात, परंतु हत्यार नेहमी एकाच दिशेने पुढे आणल्यास या रिकाम्या अंतरामुळे मापात चूक होत नाही. स्क्रूचा मधला भाग टोकांपेक्षा अधिक झिजल्यास मात्र चाकावरील खुणा खोट्या ठरतात. अशा वेळी स्क्रू व नट दोन्ही बदलावेत. जुन्या स्क्रूवर नवा नट लवकरच झिजतो. स्लाइडांच्या गिब बसविताना स्लाइड पूर्ण मार्गभर एकसारख्या जोराने सरकेल इतपतच आवळाव्यात. मध्यभागी झिजलेली स्लाइड तेथे घट्ट केल्यास टोकांना अडकते, म्हणून तडजोड करावी लागते.

रंग व वीज जोडणी : रंगकाम शेवटच्या टप्प्यात, मापन व जुळणी समाधानकारक झाल्यावर करतात. जोडांची पृष्ठे, बेडचे मार्ग व तेलाची भोके झाकून घ्यावीत. जोडाखाली गेलेला रंगाचा पातळ थरही यंत्र एका बाजूने उचलून धरतो. तेलाला न विरघळणारे एनॅमल वापरावे. यंत्रावरील क्रमांकपट्टी व कारखान्याच्या खुणा काढून टाकू नयेत. त्यांवरून यंत्राचे वर्ष व योग्य सुटे भाग ठरविता येतात.

जुन्या मोटरीच्या तारांवरील रबरी वेष्टन पुष्कळदा भुगा झालेले असते. ते बदलून यंत्राच्या बिडाच्या भागास भूसंपर्क तार जोडणे अनिवार्य आहे. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच बसवावा. पट्टे व गिअर यांवरील झाकणे हरवली असल्यास नवी बनवून घ्यावीत. सैल बाह्या, अंगठ्या व हातमोजे घालून लेथ चालविणे धोक्याचे आहे. चकाची चावी चकात ठेवून हात काढू नये.

जुळणी व परीक्षा : बेड ताठ दिसत असला, तरी असमान पायावर आवळल्यास तो पिळला जातो. म्हणून प्रथम संवेदनशील स्पिरिट लेव्हल बेडवर दोन्ही टोकांना आडवी ठेवून पिळा काढतात. यंत्र समपातळीत असणे आवश्यक नसते, दोन्ही टोकांचे वाचन एकसारखे असणे आवश्यक असते. यानंतर दोन कड्यांची परीक्षा घेतात. सु. ३० मिमी. व्यासाचा दंड चकात धरून सु. १५० मिमी. बाहेर ठेवतात. टेलस्टॉकचा आधार देत नाहीत. दंडाच्या दोन टोकांजवळ दोन कडी राखून मधला भाग कमी व्यासाचा करतात. मग हत्यार न हलविता दोन्ही कड्यांवरून अतिशय हलका काप घेऊन व्यास मोजतात. बाहेरचे कडे मोठे भरल्यास टेलस्टॉककडील बेडचा पुढचा पाय पातळ शिम घालून उचलतात. लहान भरल्यास मागचा पाय उचलतात. फरक नाहीसा होईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. पिळ्यामुळे येणारा उतार साधारणपणे सरळ रेषेत वाढतो, तर झिजेमुळे येणारा फरक चकाजवळ एकवटलेला असतो. म्हणून मध्ये तिसरे कडे ठेवून पाहावे. तीन व्यास समप्रमाणात बदलत नसल्यास दोष झिजेचा आहे. तो बेड मुद्दाम पिळून झाकल्यास एका लांबीपुरता नाहीसा होतो व दुसरीकडे उद्‌भवतो. टेलस्टॉकची जुळणी या परीक्षेनंतर करतात. त्याचा तळ झिजून केंद्र खाली आले असल्यास तळाखाली शिम घालतात. लेथच्या अशा परीक्षांना पद्धतशीर रूप जर्मन अभियंते गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षा-ग्रंथामुळे मिळाले. आंतरराष्ट्रीय मानकांतील कसोट्या त्याच विचाराच्या आहेत.

मर्यादा व मूल्य : सर्व काळजी घेऊनही झिजलेला लेथ नव्यासारखा होतोच असे नाही. पण हौशी कामास तसे होण्याची गरजही नसते. आपल्या यंत्राचा दोष किती, कोठे व कोणत्या दिशेने आहे हे ज्याला मोजून माहीत आहे, तो कारागीर शेवटचे काप घेताना त्याची भरपाई करू शकतो. ज्याला ते माहीत नाही त्याला नवे यंत्रही फसविते. लेथची विशेषता अशी, की त्याचे बरेच सुटे भाग, उदा., बुशिंग, पिना, स्क्रू, हँडले, त्याच लेथवर तयार करता येतात. त्यामुळे यंत्र अर्धवट चांगल्या स्थितीतही चालू करून, त्यावर काम करीतच, पुढील दुरुस्ती करणे श्रेयस्कर ठरते. सर्व भाग एकदम उकलून ठेवलेली यंत्रे वर्षानुवर्षे डब्यांतच पडून राहिल्याचे पुष्कळदा आढळते. याउलट एका वेळी एकच उपांग उकलून, मोजून, परत जुळवून पुढे जाणाऱ्या नवशिक्याच्या हाती शेवटी चालते यंत्र येते व यंत्राच्या प्रत्येक भागाचे कार्य त्याला प्रत्यक्ष समजलेले असते.